दाराबाहेरची माणसं

बंगळुरूतल्या व्हाइटफील्डच्या एखाद्या मोठ्या इस्पितळात रात्री रुग्ण आला की स्ट्रेचर कॅज्युअल्टीच्या दारातून आत जातं, आणि सोबतच्यांच्या हाती सहीचे कागद अन् ‘बाहेर थांबा’ एवढंच उरतं. आयटीतला मुलगाच कोसळला असेल, तर बाहेर उभे असतात त्याच्याकडे राहायला आलेले वडील. कन्नड येत नाही, इंग्रजी जेमतेम. ‘सिरियस आहे’ म्हणजे अजून आशा आहे, की संपलं, हे त्यांना कोणी सांगायचं? अडचण पैशाचीही असते, पण तेवढीच नव्हे. इथल्या सत्य साई इस्पितळात 2001पासून मोफत उपचार होतात. बिल नसलं तरी आत काय चाललंय हा प्रश्न राहतोच. त्याचं उत्तर देणं हा सौजन्याचा नव्हे, उपचाराचा भाग आहे आणि ते कोणाची तरी नेमून दिलेली ड्यूटी असायला हवी.

नातेवाईक आत आले तर गोंधळ घालतील, ही भीती खोटी नाही. पण 2013 साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी 570 नातेवाइकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घरातच हृदय बंद पडलेल्या माणसाला वाचवताना जवळ थांबायचं का, असं काहींना आवर्जून विचारलं गेलं. तीन महिन्यांनी त्यांच्यात मानसिक आघाताची लक्षणं कमी आढळली. रुग्ण जगण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही, पथकावरचा ताणही वाढला नाही. घरातला हा अनुभव गर्दीच्या कॅज्युअल्टीला जसाच्या तसा लागू होणार नाही, हे मान्य. म्हणून सगळ्यांना आत घ्या असं मी म्हणत नाही. घेण्यासारखं आहे ते विचारणं आणि समजावणं.

डॉक्टरांना वेळ कुठे, हा आक्षेप रास्त आहे. पण हे काम डॉक्टरांनीच करावं असं कुठे आहे? मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 1946 सालीच वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला. तसा माणूस रात्रपाळीलाही हवा. कारण हृदयविकाराचा झटका ऑफिसच्या वेळा पाळत नाही. राहिला डॉक्टरांना होणाऱ्या मारहाणीचा प्रश्न. त्याविरुद्ध कर्नाटकात 2009चा आणि महाराष्ट्रात 2010चा कायदा आहे, तो हवाच. मात्र त्याचं काम बहुधा हात उगारल्यावर सुरू होतं. सगळाच राग अबोल्यातून येतो असंही नाही. बिलं आणि उशीर यांचाही त्यात वाटा असतो. तरीही दर वीस मिनिटांनी कोणीतरी बाहेर यावं, समजेल अशा भाषेत बोलावं, सांगण्यासारखं नसेल तर तेही सांगावं. आणि माणूस गेला असेल तर ‘गेले’ हाच शब्द वापरावा, वडिलांना खुर्चीवर बसवून.