कोईच्या पिल्लांसाठी उबदार टाकं



चंद्रपूर म्हटलं की परक्या माणसाला आठवतो तो इथला उन्हाळा. मे महिन्यात पारा ४७-४८ अंशांवर जातो, त्याची बातमी देशभर होते. पण डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे आपल्या झाडीपट्टीत काय हवा असते, हे नागभीड, सिंदेवाही, आरमोरी, कुरखेड्याच्या माणसालाच ठाऊक. पारा १० अंशांच्या आसपास, कधी त्याच्याही खाली. आणि त्याच दिवशी दुपारी २८ अंश. माणूस शेकोटी पेटवतो, गोधडी घेतो. मासा थंड रक्ताचा, त्याच्या अंगची ऊब म्हणजे भोवतालच्या पाण्याची ऊब. म्हणून आज मी बोलणार आहे ते रंगीत कोई माशांची पिल्लं थंडीत जगवणाऱ्या, अंगणात बांधता येईल अशा उबदार टाक्याबद्दल.

कोई हा शब्द नवा वाटेल, पण मासा आपल्या ओळखीचा आहे. आपल्या तलावांत रोहू, कतला, मृगळ यांच्या जोडीला जो सायप्रिनस सोडतात, त्याचीच ही रंगीत जात. जपानच्या निगाता प्रांतात, यामाकोशीच्या डोंगरात, धान पिकवणारे शेतकरी खाचरांना पाणी देणाऱ्या तळ्यांत हा मासा खाण्यासाठी पाळत. एकोणिसाव्या शतकात त्यांना काही पिल्लांत तांबडे-पांढरे डाग दिसले. ती पिल्लं त्यांनी वेगळी काढली, त्यांचीच वीण पुढे वाढवली. १९१४ साली टोकियोच्या प्रदर्शनात हे मासे मांडले गेले आणि मग जगभर पोहोचले. धानाची शेती, सिंचनाची तळी आणि तळ्यातला मासा ही तिन्ही आपल्याकडेही पिढ्यान्‌पिढ्या आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानं तलाव बांधले, ढिवर समाजानं त्यांतली मासेमारी सांभाळली. त्यामुळे हे काम आपल्या माणसांना परकं नाही. निगातात तर हिवाळ्यात घरं बर्फाखाली जातात, तरी तिथे पिल्लं जगवतात. आपल्याला तर फक्त काही आठवड्यांच्या रात्री सांभाळायच्या आहेत.

नेमकी अडचण कुठे येते, ते पाहू. रोहू-कतला पावसाळ्यात विणीला येतात. सायप्रिनस आणि कोई मात्र साधारण जानेवारी ते मार्च आणि पुन्हा पावसाळ्यात अंडी घालतात. जानेवारी-फेब्रुवारीची वीण हाती लागली तर पिल्लाला वाढीसाठी पुढचे सगळे उबदार महिने मिळतात. पण त्याच वेळी रात्री सर्वांत थंड असतात. एक किलोची मादी लाखाच्या घरात अंडी घालते. अंडं एक-दीड मिलिमीटरचं आणि चिकट. ते पाणवनस्पतीला किंवा आपण सोडलेल्या नायलॉनच्या झुपक्याला चिकटतं. पाणी २२ ते २५ अंशांवर असेल तर दोन-तीन दिवसांत त्यातून जिरं, म्हणजे नुकतं जन्मलेलं पिल्लू, बाहेर पडतं. सुरुवातीला ते त्याच धाग्याला लोंबकळत राहतं, पोटाखालच्या पिशवीतलं अन्न पुरवून वापरतं. मग एकदा वर येऊन हवेचा घोट घेतं, आतला फुगा भरतं आणि पोहू लागतं. हे दोन-तीन दिवस फार नाजूक. पाणी थंड पडलं तर सगळा क्रम लांबतो, अंड्यांवर बुरशी चढते, पोहायला लागलेलं पिल्लू खाणं सोडतं. आणि नुसत्या थंडीपेक्षा वाईट म्हणजे चढउतार. दुपारी २६ आणि पहाटे १६ अशा पाण्यात पिल्लाची ताकद खचते आणि अंगावर पांढरे ठिपके आणणारा रोग पसरतो.

आता टाक्याकडे वळू. ८ फूट लांब, ४ फूट रुंद आणि आत २ फूट पाणी, असं टाकं धरा. त्यात सुमारे १,८०० लिटर पाणी राहतं. एवढं पाणी एका अंशानं तापवायला साधारण २ युनिट वीज लागते. उघड्या, साध्या विटांच्या टाक्यातलं २४ अंशांचं पाणी जानेवारीच्या निरभ्र रात्री पाच-सहा अंश उतरतं. ते भरून काढायचं म्हणजे रोज रात्री ११-१२ युनिट जाळायची. तेच टाकं नीट झाकलं आणि भिंतींना अस्तर दिलं, तर हेच काम दीड-दोन युनिटांत होतं. हा सगळा हिशोब एकच गोष्ट सांगतो : पैसा हीटरवर घालण्याआधी ऊब धरून ठेवण्यावर घाला.

त्यातही पहिला मान झाकणाचा. सर्वांत जास्त ऊब पाण्याच्या उघड्या पृष्ठभागातून जाते, कारण वाफ होताना पाणी आपली उष्णता घेऊन जातं आणि मोकळं आकाश उरलेली ओढून घेतं. दोन झाकणं करा. एक पारदर्शक, पॉलिहाऊसला वापरतात त्या जाड प्लॅस्टिकचं, लाकडी किंवा लोखंडी चौकटीवर ताणलेलं. दिवसा तेवढंच ठेवायचं, म्हणजे आपल्याकडचं हिवाळ्यातलं लख्ख ऊन फुकटात पाणी तापवतं. दुसरं दोन इंच जाडीच्या कठीण थर्मोकोलचं. ते ऊन कलल्यावर वर चढवायचं आणि सकाळी ऊन आल्यावर काढायचं. हवा खेळायला कोपऱ्यात लहानशी फट ठेवा, पण तिला बारीक जाळी लावा. उबेला साप येतो, बेडूक येतो, आणि चतुराच्या अळ्या तर पिल्लांचा फडशा पाडतात.

दुसरा मान भिंतीचा. आतली विटांची भिंत सिमेंटनं घोटून घ्या. तिच्या बाहेर दोन इंच थर्मोकोल आणि त्याबाहेर पत्रा किंवा पातळ भिंत. थर्मोकोल महाग पडत असेल तर राइस मिलचा कोंढा आहे. वडसा, ब्रह्मपुरी, मूल, सिंदेवाहीकडे त्याचे ढीग पडलेले असतात. सहा इंच जाडीचा कोरडा कोंढा दोन इंच थर्मोकोलच्या तोडीस तोड उतरतो. मात्र तो कोरडा राहिला पाहिजे. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून मगच दोन भिंतींच्या मध्ये भरा. ओला झाला की उपयोग संपला. घुशी-उंदरांसाठी खाली बारीक जाळी टाका.

जमीन मुरमाड असेल तर टाकं दीड-दोन फूट जमिनीत उतरवा. भर हिवाळ्यातही आपल्याकडची खोलवरची माती हवेइतकी थंड होत नाही, त्यामुळे तळातून फारशी ऊब जात नाही. धानाच्या बांधीलगत, जिथे पावसाळ्यात पाण्याचा झिरपा वर येतो, तिथे मात्र टाकं जमिनीवरच बांधा. आणि नव्या सिमेंटमध्ये मासा लगेच सोडू नका. सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो. टाकं भरून, काही दिवस ठेवून, रिकामं करून, असं काही वेळा केल्यावरच पाणी पिल्लांना मानवतं.

आता हीटर. त्याचा मान सर्वांत शेवटचा. या मापाच्या टाक्याला एक मोठा घेण्यापेक्षा थर्मोस्टॅट असलेले ३०० वॉटचे दोन घ्या. एक बिघडला तर दुसरा रात्र काढून देतो, आणि एक चालूच अडकून राहिला तरी पाणी एकदम उकळत नाही. ते २४ अंशांवर लावा. हीटर पाण्याबाहेर कोरडा तापू देऊ नका आणि पिल्लं चिकटू नयेत म्हणून भोकं पाडलेल्या पाइपमध्ये बसवा. विजेच्या जोडणीला अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच हवाच हवा. ओल्या हातानं टाक्यात काम करणाऱ्या माणसाचा जीव त्याच्यावर असतो, तिथे काटकसर करू नका. सौर तापकाचं पाणी फिरवायचं असेल तर नळी तांब्याची नको. तांबं माशाला विष आहे.

आपल्याकडे ऊब मिळवण्याचा आणखी एक मार्ग आहे. हिवाळ्यात पहाटे बोअरचं पाणी कोमट लागतं, हे प्रत्येकानं अनुभवलंय. टाकं पहिल्यांदा भरताना तेच वापरा. पण त्यात प्राणवायू कमी असतो आणि कुठे कुठे लोह असतं. म्हणून ते आधी वेगळ्या ड्रममध्ये घेऊन, हवा सोडून, गाळून मगच टाक्यात घ्या. रोजचं थोडं पाणी बदलतानाही टाक्यातल्या पाण्याइतकंच कोमट पाणी घाला.

हवेचा पंप हा तर टाक्याचा श्वास. १० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २५ अंशांना तो जेमतेम ८ राहतो. म्हणजे पाणी उबदार केलं की पिल्लाची भूक वाढते, श्वास वाढतो आणि प्राणवायू मात्र घटतो. म्हणून वीज गेली तर आधी घोर करायचा तो हीटरचा नव्हे, हवेचा. नीट झाकलेलं टाकं आठ-दहा तासांत फार तर अंशभर उतरेल, पण दाट पिल्लं हवेविना तेवढा वेळ काढणार नाहीत. बॅटरीवर चालणारा छोटा पंप जवळ असू द्या.

हेच टाकं उन्हाळ्यातही कामी येतं. वर हिरवं शेडनेट टाका, थर्मोकोलचं झाकण दुपारी चढवा, म्हणजे थंडी अडवणारं अस्तर ऊनही अडवतं.

या कामात घरच्या बायकांना मोठा वाव आहे. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून घालणं, पुढे डाफ्नियासारखे बारीक जीव देणं, महिन्याभरानं रंगाची आणि आकाराची पिल्लं निवडून वेगळी करणं, सकाळ-संध्याकाळ तापमान लिहिणं, हे सारं अंगणात राहून होतं. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मत्स्यसंगोपनाचा घटक ठेवलेला होता. त्याचा प्रकल्पखर्च ३ लाख रुपये धरलेला होता. सर्वसाधारण लाभार्थीला ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के साहाय्याची त्यात तरतूद होती. नियम आणि मुदती बदलत असतात. म्हणून विटा आणण्याआधी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन आजची स्थिती विचारून घ्या.

आणि एक कळकळीची विनंती. निवडीत बाजूला काढलेली पिल्लं, कंटाळा आला म्हणून नको झालेले मोठे मासे, हे मामा (माजी मालगुजारी) तलावात, बोडीत, नाल्यात किंवा ताडोब्याच्या जंगलातल्या पाण्यात कधीही सोडू नका. हा मासा तळ उकरतो, पाणी गढूळ करतो, पाणवनस्पती उपटतो. त्या वनस्पतींच्या आधारानं वाढणारे आपले देशी मासे आणि तिथे उतरणारे पक्षी यांचा घास त्यानं जातो. सांडपाण्याच्या तोंडाशी जाळी लावा, म्हणजे चुकूनही एखादं पिल्लू बांधीत उतरणार नाही.

ज्यांना हे टाकं बांधायचं आहे, त्यांनी दिवाळीआधी काम पुरं करावं, म्हणजे सिमेंटचा चुना निघून जायला वेळ मिळेल. मनात क्रम पक्का ठेवा : आधी झाकण, मग भिंत, मग हवा आणि सर्वांत शेवटी हीटर. हा क्रम पाळलात तर जानेवारीची पहाट तुमच्या पिल्लांना भारी पडणार नाही.