दूरदेशीचे काम आणि आदिवासी विद्यार्थी



मूल शिकावयास दूर गेले म्हणजे ते आपले राहील ना, ही शंका वाड्यावरील प्रत्येक आईच्या मनात येते. आम्ही अधिकारी मंडळी ती पुष्कळदा हसण्यावारी नेतो. आज दोन दूरच्या देशांची हकीकत सांगतो. ती ऐकल्यावर कोणी हसणार नाही.

कॅनडात शतकाहून अधिक काळ आदिवासींची सुमारे दीड लाख मुले निवासी शाळांत ठेवण्यात आली. घर तुटले, मातृभाषाही तोडण्यात आली. यांतील शेवटच्या शाळा १९९०च्या दशकात बंद झाल्या. ऑस्ट्रेलियातही आदिवासींची मुले आईबापांपासून हिरावून नेण्यात आली. या अन्यायाबद्दल दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी २००८ साली आपापल्या संसदेत क्षमायाचना केली. अशा घरांत ‘शिक्षणासाठी दूर जाणे’ या शब्दांचा अर्थ किती कटू असेल!

तरीही याच समाजांतील विद्यार्थी स्वेच्छेने परस्परांच्या देशात जाऊ लागले. कॅनडातील व्हिक्टोरिया आणि ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल या विद्यापीठांनी त्यांच्यासाठी कामाची व शिक्षणाची देवाणघेवाण सुरू केली. अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी राबावयाचे, ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेत सिनसिनाटी येथे ती १९०६ साली व कॅनडात वॉटर्लू येथे १९५७ साली सुरू झाली. आपल्या शाळांतील ‘कार्यानुभव’ आपणांस परिचित आहेच. हे त्याचेच प्रौढ रूप समजावे. मात्र येथे विद्यार्थी खराखुरा कामगार असतो आणि त्याचे काम पदवीच्या अभ्यासात गणले जाते.

या उपक्रमाचे मर्म प्रवासात नाही, यजमानात आहे. न्यूकॅसल येथे आदिवासी विद्यार्थ्यांना आधार देणारी वोलोटुका संस्था १९८३ पासून कार्यरत आहे. व्हिक्टोरिया विद्यापीठातही आदिवासींचे स्वतःचे सभागृह आहे. परक्या मुलखात आलेल्या मुलास तेथे आपल्यासारखीच माणसे भेटतात. जमीन, भाषा आणि वडीलधाऱ्यांचा मान हे विषय त्यास समजावून सांगावे लागत नाहीत. तो याचक म्हणून जात नाही. आपले ज्ञान घेऊन पाहुणा म्हणून जातो.

आपल्या गोव्यात गावडा, कुणबी व वेळीप समाजांचा समावेश २००३ साली अनुसूचित जमातींत झाला. त्यांची मुले उद्या अशा संधींकडे पाहतील. तेव्हा शिक्षकांनी चार प्रश्न विचारावेत: तेथे मुलाचे कोण असेल? कामाचा मोबदला मिळेल काय? ते काम पदवीसाठी धरले जाईल काय? आणि परतल्यावर गावास त्याचा काय उपयोग होईल? अधिकारीबंधूंसही एक विनंती आहे. प्रवासखर्च आधी हाती द्यावा. पावत्या दाखवून मागाहून पैसे मिळवणे सुखवस्तू घरास जमते. ज्या घरात आगाऊ खर्चण्यास काही नाही, त्यास ती योजना असून नसल्यासारखीच.

माहितीपत्रके वाटली म्हणजे कर्तव्य संपले, असे आम्हा प्रसिद्धीचे काम करणाऱ्यांस वाटते. ते खरे नव्हे. आईच्या त्या शंकेस समाधानकारक उत्तर मिळेल, तेव्हाच ते कर्तव्य पुरे होईल. मुलाने दूर जावे आणि अधिक आपले होऊन परतावे, एवढीच अपेक्षा.