नवं-जुनं नव्हे, नवं

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने. आमेन.

मागचे लोक, थोडे पुढं सरका. लेकरं घेऊन आलेल्या बायांना भिंतीजवळ जागा द्या, टेकायला बरं पडते. आणि जे कुणी हे शब्द पुढं पुस्तकात वाचतील, त्या दादांनो, ताईंनो, तुम्हीही इथंच मांडी घालून बसले आहात असं समजा. आजचं कीर्तन तुमच्याशीच आहे.

विषय एका शब्दाचा. कृपा. हा शब्द आपल्याला नवा नाही. १९५३ पासून तीस वर्षं या यवतमाळात युनियन बिब्लिकल सेमिनरी होती. देशभरातले पाळक इथं शिकून गेले. १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. म्हणजे कृपेवरची प्रवचनं आपल्या गावाला कधी कमी पडली नाहीत. मग कमी काय पडलं? तेच आज पाहू.

मार्च महिना आला की गावोगाव एक प्रश्न ऐकू येतो. "काय बा, नवं-जुनं केलं का?" इथं बसलेल्या प्रत्येकाला हा शब्द समजते. पीककर्ज थकलं. मग कुणाकडून चार दिवसांसाठी हातउसने घ्यायचे, जुनं खातं भरायचं, लगेच नवं कर्ज उचलायचं, आणि ज्याचे त्याला परत करायचे. कागदावर खातं नील. घरी आल्यावर बायको विचारते, "फिटलं का हो?" आपण म्हणतो, "फिटलं." पण रात्री छताकडं पाहत पडलेल्या माणसाला माहीत असते की फिटलं नाही, फक्त फिरलं.

आता आपल्या आत्म्याचं खातं काढा. वर्षभर शेजाऱ्याचा धुरा नांगरानं वीतभर कोरला. कापूस मोजताना काट्यात मारलं. बहिणीला साडी-चोळी केली आणि त्याच दिवशी हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली. दारू पिऊन घरच्या लक्ष्मीवर हात टाकला. मग संजीवन सभा आली. आपण डोळे मिटले, रडलो, हात वर केला, दानपेटीत नोट टाकली. खातं नील! आणि सभेचा मंडप सुटला त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच धुरा, तोच काटा. हे काय झालं? नवं-जुनं झालं. पौल करिंथच्या मंडळीला लिहितो त्याचा भाव वेगळा आहे. ख्रिस्तात असलेला माणूस म्हणजे नवी उत्पत्ती. जुनं सरलं, नवं झालं. तो नवं-जुनं म्हणत नाही. नवं म्हणतो.

इथं एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, कारण हा जिल्हा कोणता आहे ते मला ठाऊक आहे. कर्ज होणं हे पाप नाही. पाऊस रुसला, बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली, भाव पडला, यात तुझं पाप नाही, बापा. या कीर्तनात मी कर्जाचा दाखला देतो तो एवढ्यासाठीच की प्रभूनंच तो दिला. त्यानं शिकवलेल्या प्रार्थनेत आपण मराठी माणसं काय म्हणतो? आमची ऋणं सोड, असं म्हणतो. मत्तयाच्या मूळ ग्रीकमध्येही कर्जाचाच शब्द आहे. आणि प्रभू ज्या अरामी भाषेत बोलत होता, तिच्यात कर्ज आणि पाप या दोहोंना एकच शब्द चालत असे. कर्जाखाली दबलेल्या माणसाची छाती कशी भरून येते, हे त्याला माहीत होतं. पापाखाली तसंच होते, एवढंच त्याला सांगायचं होतं.

मत्तयाचा अठरावा अध्याय. एका राजाचा हिशेब सुरू झाला. एक चाकर आणला, त्याच्याकडं दहा हजार तलांत येणं. आता तलांत म्हणजे किती? एका तलांताचे साधारण ६,००० दीनार, आणि दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. करा गुणाकार. ६ कोटी दिवसांची मजुरी! वर्षाचे ३०० दिवस काम धरलं तरी २ लाख वर्षं. आणि तो चाकर पाया पडून काय म्हणते? थोडं थांबा मालक, सगळं फेडतो! अरे, कशानं फेडशील? आपल्या सात-बाऱ्यावर किती एकर आहे ते तरी पाहा!

पण राजाला कळवळा आला. त्यानं हप्ते बांधून दिले नाहीत, व्याज माफ करून मुद्दल ठेवलं नाही. सगळं सोडलं. यालाच कृपा म्हणतात. फेडायची ऐपत नसलेल्याचं ऋण, ज्याचं येणं आहे त्यानंच स्वतःच्या अंगावर घेणं. कारण सोडलेलं कर्ज हवेत जात नाही, मायबापहो. कुणाला तरी ते सोसावं लागते. ते कुणी सोसलं, हे कालवरीच्या टेकडीकडं पाहिलं की समजते.

आता पुढं पाहा. तोच चाकर बाहेर पडला. त्याला सोबतीचा एक चाकर भेटला. त्याच्याकडं १०० दीनार येणं. शंभर दिवसांची मजुरी, काही थोडी रक्कम नाही. पण ६ कोटी सुटलेल्यानं १०० साठी त्याचा गळा धरला! का धरला? माझा विचार असा की त्याला आपलं कर्ज सुटलं यावर विश्वासच बसला नव्हता. त्याच्या मनात अजून वहीच उघडी होती. ज्याच्या मनात वही उघडी, त्याचा हात दुसऱ्याच्या गळ्यावरच जाणार.

(येथे भजन झाले.)

आता आख्यान. हे आख्यान आपल्याच मातीतल्या एका बाईचं. पंडिता रमाबाई.

१८५८ चा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे, मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोक उठले, तरी त्यांनी शिकवणं सोडलं नाही. आईनं रमेला शिकवलं. सगळं कुटुंब तीर्थामागून तीर्थ करत, पुराण सांगत फिरलं. जे मिळालं ते दान केलं. मग दुष्काळ आला. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. रमा आणि भाऊ श्रीनिवास, दोघं उपाशीपोटी, अनवाणी देश तुडवत राहिले. त्यांच्या श्रद्धेला नावं ठेवायला मी इथं उभा नाही. आपला शेजारी पायी पंढरीला जाते, तेव्हा त्याच्या टाचेच्या भेगा पाहून आपल्याला आपल्या आळसाची लाज वाटावी. मी पुढचं सांगायला उभा आहे.

१८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी तिला पंडिता म्हटलं, सरस्वती म्हटलं. १८८० मध्ये भाऊ गेला. लग्न झालं, आणि दोन वर्षांत नवराही गेला. कडेवर लहानगी मनोरमा. पुढं १८८३ मध्ये ती इंग्लंडला गेली. तिथं लंडनच्या फुलहॅम भागात जोगिणींनी चालवलेलं एक घर तिनं पाहिलं. समाजानं वाया गेलेल्या म्हणून टाकलेल्या बायांना तिथं मायेनं सांभाळत होते. रमाबाईंना नवल वाटलं. अशा बायांवर कुणी प्रेम करते? त्यांनी कारण विचारलं, तेव्हा विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचायला मिळाली. पाच नवरे झालेल्या त्या बाईपाशी प्रभूनं पाणी मागितलं, ती गोष्ट. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला.

आता तुम्ही म्हणाल, झालं, आख्यान संपलं! नाही, बाप्पा. आख्यान इथून सुरू होते. कारण रमाबाईंनी १९०७ मध्ये आपली साक्ष छापली, तिच्यात त्यांनीच कबूल केलं आहे की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षं मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. आठ वर्षं! त्या काळात त्यांनी अमेरिका पाहिली, पुस्तक लिहिलं, ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. नाव मोठं झालं, काम मोठं झालं. आणि मनात काय? शांती नाही. आधी तीर्थांचा हिशेब होता, आता चांगल्या कामांचा हिशेब. वही बदलली, हिशेब तोच. नवं-जुनं!

मग त्यांच्या हाती एक पुस्तक पडलं. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचे पाळक विल्यम हॅस्लॅम यांनी लिहिलेलं, मरणातून जीवनात अशा अर्थाचं त्याचं नाव. हे हॅस्लॅम पाळक होते, मंडळी सांभाळत होते, चर्च बांधत होते. त्यांचा माळी आजारी पडला, त्या आजारात त्याला तारणाचा आनंद लाभला, आणि तो आपल्या पाळकासाठीच प्रार्थना करू लागला! पाळकाला ते झोंबलं. १८५१ मध्ये एका रविवारी ते उपदेश करायला उभे राहिले आणि बोलता बोलता त्यांना स्वतःलाच उमगलं की आपण ज्याच्याविषयी बोलतो, त्याच्यावर आपण टेकलोच नाही. उपदेश करता करता उपदेशकाचं तारण झालं. हे वाचताना मला घाम फुटते. टाळ हाती घेतलेल्या माझ्यासारख्यानं तर ही गोष्ट रोज आठवावी.

रमाबाईंना हे वाचून कळलं की मला धर्म नको, ख्रिस्त हवा. फेडायचा प्रयत्न त्यांनी सोडला. रिकामे हात पुढं केले, आणि जे उपाशी चालून, दान देऊन, शिकून, शाळा काढून मिळालं नव्हतं, ते फुकट मिळालं.

आता कुणी म्हणेल, फुकट मिळालं तर माणूस आळशी होईल. पाहा काय झालं ते. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात मुली रस्त्यावर मरत होत्या, विकल्या जात होत्या. आई-बाप दुष्काळात गमावलेली ही बाई तिथं स्वतः गेली, आणि शेकडो मुली-विधवांना घेऊन आली. केडगावला मुक्ती उभी राहिली. शेती, विणकाम, छापखाना, सगळं बायांच्या हाती. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवलं. आणि ज्यांना कुणीच दारात उभं करत नव्हतं, त्या टाकलेल्या बायांसाठी एक वेगळं घर काढलं. त्या घराचं नाव काय ठेवलं असेल? कृपासदन!

फुलहॅमला पाहिलेली ती माया केडगावात विटा-मातीची होऊन उभी राहिली. १००० दीनार नाही, १०० दीनारासाठीही त्यांनी कुणाचा गळा धरला नाही. कारण मनातली वही मिटली होती. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. शेवटच्या वर्षांत हिब्रू-ग्रीकवरून साध्या बायांना समजेल असं मराठी बायबल त्यांनी सिद्ध केलं. हे त्या फेडीसाठी करत नव्हत्या. फिटलं होतं, म्हणून करत होत्या.

तर मायबापहो, घरी जाताना तीन कामं घेऊन जा.

पहिलं, देवापुढं "थोडं थांब, फेडतो" म्हणणं बंद करा. "माझ्याजवळ काही नाही" एवढं खरं सांगा.

दुसरं, जे परत करता येते ते करा. जक्कय उंबरावरून उतरला. प्रभू त्याच्या घरी पाहुणा झाला तो त्यानं पैसे परत करण्याच्या आधी. पण कृपा घरात आल्यावर जक्कयानं स्वतःच तिजोरी उघडली आणि लुबाडलेलं चौपट द्यायला निघाला. तुम्हीही तो वीतभर धुरा सोडा. बहिणीला बोलवा.

तिसरं, आणि हे हळू आवाजात सांगतो. इथं किंवा पुस्तकापाशी कुणी असा बसला असेल की ज्याला वाटते, माझ्या जिवानंच हे कर्ज फिटेल. नाही, दादा. जीव देऊन फेडायचं जे होतं, ते एकानं आधीच फेडलं. तुझा जीव कुणी मागितलेला नाही. सावकारानं मागितला नाही, देवानं तर नाहीच. आज रात्रीच घरात कुणाला तरी सांग. पाळकाला उठव, शेजाऱ्याला उठव. आणि मंडळीहो, तो सांगेल याची वाट पाहू नका. ज्याचं वावर यंदा पडीक दिसते, जो दोन रविवार दिसला नाही, त्याच्या घरी जा. चहा मागा, बसा. आपलं ६ कोटीचं सुटलं आहे. एका माणसासाठी एक संध्याकाळ देण्याइतके आपण आता गरीब राहिलो नाही.

प्रभू येशूची कृपा तुम्हां सर्वांच्या घरी, वावरात आणि झोपेत राहो. आमेन. जय ख्रिस्त!