चौदा रुपयांची उधारी आणि बनारसीदासांचा ताळेबंद



बाजारपेठ असलेल्या कोणत्याही गावातील जैन समाजाला एक दृश्य नवे नाही. एखादी पेढी दोन पिढ्या उत्तम चाललेली असते. मग भाव पडतो, उधारी बुडते, भागीदार वेगळा होतो आणि एका दिवाळीला त्या दुकानात वहीपूजन होत नाही. पुढच्या पर्युषणात त्या गृहस्थांची मंदिरातील नेहमीची जागा रिकामी दिसते. पत्नी येते, मुले येतात; ते येत नाहीत. येऊ नका असे त्यांना कोणी म्हटलेले नसते. परंतु बोलीच्या वेळी आपण गप्प बसलो तर चार माणसे वळून पाहतील, हे त्यांना ठाऊक असते. माल गेला, त्याबरोबर माणूसही गेला, असा हिशेब त्यांनी स्वतःच मांडलेला असतो. आणि खरे सांगायचे तर समाजानेही तो कधी खोडून काढलेला नसतो.

सुमारे चारशे वर्षांपूर्वी एका जैन व्यापाऱ्याने हाच प्रसंग भोगला आणि पैशासकट लिहून ठेवला. त्यांचे नाव कविवर बनारसीदास. इ. स. १५८६ मध्ये जौनपूर येथे श्रीमाल कुळात त्यांचा जन्म झाला. वडील खरगसेन जवाहिराचा व्यापार करीत. बनारसीदासांनी १६४१ मध्ये आग्रा येथे आपले जीवनवृत्त ६७५ पद्यांत लिहिले. त्याचे नाव ‘अर्धकथानक’. हिंदीतील हे पहिले आत्मचरित्र मानले जाते. पंडित नाथूराम प्रेमी यांनी १९४३ मध्ये मुंबईहून ते संपादित करून प्रसिद्ध केले. घरोघरी असावा असा हा छोटा ग्रंथ आपल्याकडे फारसा वाचला जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

तरुण वयात बनारसीदासांना धनाचा मोह कमी नव्हता. एका संन्याशाने त्यांना सांगितले की अमुक मंत्र वर्षभर अपवित्र जागी एकांतात बसून जपावा, म्हणजे वर्ष सरताच दाराशी रोज एक सुवर्णमुद्रा पडलेली सापडेल. जवाहिऱ्याच्या मुलाने वर्षभर तो जप नेमाने केला. वर्ष संपल्यावर सकाळी स्नान करून ते दाराशी गेले. तेथे काही नव्हते. दिवस मोजण्यात चूक झाली असेल म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. ही फजिती त्यांनी पंचावन्नाव्या वर्षी स्वतःच्या हाताने लिहिली आहे.

१६०५ मध्ये बादशहा अकबराच्या मृत्यूची वार्ता जौनपुरात पोहोचली. बनारसीदास त्या वेळी जिन्यावर बसले होते. वार्ता ऐकताच ते कोसळले आणि डोके फुटले. शहरात तर हाहाकार उडाला. दुकाने बंद झाली, दागदागिने आणि उंची वस्त्रे जमिनीत पुरली गेली, सावकारांनी जाडीभरडी वस्त्रे अंगावर चढविली. श्रीमंत कोण आणि गरीब कोण, हे ओळखू येईनासे झाले. सलीम जहांगीर या नावाने गादीवर बसल्याचे कळेपर्यंत सुमारे दहा दिवस ही अवस्था होती. धनाने माणसामाणसांत जो फरक पडतो, तो अंगावरच्या कापडाएवढाच जाड असतो, हे कापडाच्या धंद्यात आयुष्य घालविणाऱ्यांना वेगळे सांगावयास नको.

१६१० मध्ये वडिलांनी त्यांच्या स्वाधीन माल केला: जडजवाहीर, वीस मण तूप, तेलाचे दोन बुधले आणि दोनशे रुपयांचे जौनपुरी कापड. त्यातील काही भांडवल घरचे होते, काही कर्जाऊ. गाड्या आग्ऱ्याकडे निघाल्या. इटाव्याजवळ रात्री मुसळधार पावसाने गाठले. सरायीत जागा नव्हती, दारे कोणी उघडेना. शेवटी एका झोपडीत, दुसऱ्याच्या बाजेखाली तरट अंथरून या व्यापाऱ्याने रात्र काढली. आग्ऱ्यात तर दैवाने पाठच घेतली. नाडीत बांधलेले काही खडे गळून पडले. कापडात बांधून ठेवलेली माणके उंदरांनी ओढून नेली. धक्क्याने ताप भरला. मुलाने सर्वस्व घालविले, असे पत्र आग्ऱ्याहून वडिलांना गेले. हळूहळू घरातील चीजवस्तू विकून खाण्याची वेळ आली आणि बाजारात जाणेच त्यांनी सोडले.

येथपर्यंतची कथा आपल्या पेठेतीलही असू शकते. यापुढचा भाग मात्र लक्षपूर्वक ऐकण्यासारखा आहे.

बाजारात जाणे बंद झालेला हा माणूस रात्री घरी दिवा लावून ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ ही काव्ये मोठ्याने वाचू लागला. ऐकायला दहा-वीस माणसे येऊ लागली. त्यांत एक कचोरीवाला होता. त्याच्याकडून बनारसीदास रोज उधार कचोऱ्या घेत आणि त्यावरच दिवस काढीत. काही दिवसांनी त्यांना राहवेना. त्यांनी कचोरीवाल्याला एकांतात गाठून सांगितले की आता उधार देऊ नकोस, माझ्याजवळ काहीही नाही. कचोरीवाल्याने उत्तर दिले की वीस रुपयांपर्यंत खुशाल खा, कोणी विचारणार नाही. सहा-सात महिने हा व्यवहार चालला. रात्री वाचन, दिवसा कचोरी.

या उधारीला तारण काय होते? दुकान नव्हते, माल नव्हता, वडिलांची पतही दूर राहिली होती. वाणिज्य शाखेत ताळेबंद शिकविताना मालमत्तेच्या बाजूला ‘नावलौकिक’ अशी एक रक्कम दाखवितात, आणि ती पेढीच्या नावावर असते. येथे पेढी बुडालेली होती. त्या गरीब विक्रेत्याने उधारी दिली ती एका वाचणाऱ्या, आणि आपले दारिद्र्य आपणहून कबूल करणाऱ्या माणसाला.

पुढे एका नातेवाइकाने त्यांना घरी नेले, भागीदारीत पुन्हा धंदा सुरू झाला आणि कचोरीवाल्याचे बिल चुकते झाले. ते चौदा रुपये झाले होते. दोन वर्षांनी भागीदारीचा हिशेब केला तेव्हा मिळकत आणि खर्च सारखाच निघाला. हात हलवीत ते खैराबादला सासरी गेले. तेथे पत्नीने साठवलेले वीस रुपये त्यांच्या हाती ठेवले आणि आईला विश्वासात घेतले. सासूने गुपचूप दोनशे रुपये दिले. असे साहाय्य कोणत्याही पेढीच्या वहीत जमा नसते.

एक गैरसमज येथे दूर करणे आवश्यक आहे. बनारसीदासांनी धनाला तुच्छ मानले नाही. ते अखेरपर्यंत गृहस्थ आणि व्यापारी राहिले, घेतलेले पैसे फेडत राहिले. परिग्रह म्हणजे वस्तू नव्हे, वस्तूवरील मूर्च्छा, अशी तत्त्वार्थसूत्रात व्याख्या आहे. ती त्यांना पाठ असणार. पण अनुभवाने ती उमजायला वर्षे लागली. मधल्या काळात अध्यात्माच्या नावाखाली त्यांनी आणि मित्रांनी पोरकट चाळेही केले, लोकांची निंदाही ऐकली. पुढे पांडे रूपचंद यांच्याकडून गोम्मटसाराचे विवेचन ऐकल्यावर त्यांची बुद्धी स्थिरावली. आग्ऱ्यात कुंवरपाल आदी मित्रांसह त्यांची तत्त्वचर्चा चालत असे. त्यातूनच १६३६ मध्ये ‘समयसार नाटक’ हा त्यांचा महान ग्रंथ पूर्ण झाला. व्यापारात त्यांच्याहून कितीतरी मोठे धनिक त्या वेळी आग्ऱ्यात होते.

‘अर्धकथानका’च्या शेवटी त्यांनी जे केले ते कोणा व्यापाऱ्याने क्वचितच केले असेल. त्यांनी स्वतःचा ताळेबंद लिहिला. तीन विवाह झाले. सात पुत्र आणि दोन कन्या झाल्या. नऊही अपत्ये गेली. घरात पती-पत्नी दोघेच उरले. अशा माणसाने जमेच्या बाजूला काय दाखविले? काव्यरचना, संस्कृत-प्राकृताचे शुद्ध उच्चारण, गोड वाणी, क्षमा, संतोष. नावेच्या बाजूला त्यांनी हात आखडला नाही. लक्ष्मीचा मोह सुटत नाही. जप-तप-संयम होत नाही, पूजा-दानाची आवड नाही. थोड्या लाभाने फार हर्ष होतो, थोड्या हानीने फार शोक. खोट्या गोष्टी रंगवून सांगतो. एकांत मिळाला की नाचतो.

दोन्ही बाजूंत रुपयांचा आकडा एकही नाही. आजच्या काळात मंडळांच्या अहवालांत, सत्काराच्या मानपत्रांत, आणि या स्मरणिकेसारख्या स्मरणिकांतही, माणसाची ओळख बहुधा देणगीच्या आकड्याने होते. देणगीदारांचा मान राखला पाहिजे, त्यांच्यामुळेच धर्मशाळा उभ्या राहतात. परंतु ज्यांची जागा रिकामी झाली आहे त्या गृहस्थांना स्वाध्यायाचे वाचन करण्यास कोणी बोलावले, तर त्यासाठी कोणत्याही ट्रस्टला ठराव करावा लागत नाही, खर्चही येत नाही. आग्ऱ्याच्या त्या घरी केवळ दहा-वीस माणसे जमत होती.

मनुष्याचे आयुष्य एकशे दहा वर्षांचे मानून बनारसीदासांनी पंचावन्न वर्षांची हकिकत लिहिली, म्हणून ग्रंथाचे नाव ‘अर्धकथानक’. उरलेल्या अर्ध्या कथेला अवसर मिळाला नाही. सुमारे दोन वर्षांनी त्यांचे निधन झाले, असे अभ्यासक मानतात. कचोरीवाल्याचे चौदा रुपये मात्र केव्हाच फिटले होते.