नगरपरिषदेची शाळा आणि आपली सही
(विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



मी काही शिक्षणतज्ज्ञ नाही. बँकेत कारकून आहे. तेव्हा पैसा कोठून येतो, कोठे जातो आणि कागदावर सही कोणाची, एवढ्याच अंगाने नगरपरिषदेच्या शाळेविषयी दोन शब्द बोलणार आहे.

लोकसंख्या ४०,००० पर्यंत असलेली नगरपरिषद ही 'क' वर्गातली, म्हणजे लहान. अशा नगरपरिषदेकडे प्राथमिक शाळा असल्या, तर शिक्षकांच्या पगाराचा मोठा भार शासनाच्या अनुदानावर असतो. इमारत, पाणी, शौचालय, साफसफाई यांकडे मात्र नगरपरिषदेने लक्ष द्यायचे असते. घरपट्टीच्या बिलात 'शिक्षण कर' असा रकाना पाहून आपल्याला वाटते, आपला पैसा शाळेला पोहोचला. परंतु १९६२ च्या कायद्याचा हा कर नगरपरिषद शासनासाठी वसूल करते आणि शासनाकडे भरते. शाळेच्या नळासाठी व दारासाठी नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकात वेगळी तरतूद करून घ्यावी लागते.

ती कोणी करून घ्यायची? आपणच. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात. वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते. ही समिती शाळा विकास आराखडा तयार करते आणि नगरपरिषदेने आपले नियोजन व अनुदान त्याच आराखड्याच्या आधारे ठरवावे, असे कायदा सांगतो. एवढा अधिकार आपल्या हाती आहे.

आता माझी चूक सांगतो. मी अशाच एका समितीवर पालक सदस्य होतो. बैठकीला जाणे होत नसे. एके दिवशी शिपाई इतिवृत्ताची वही घेऊन बँकेत आला. काउंटरवर गर्दी होती. सही पडताळल्याशिवाय शंभर रुपयांचे व्हाउचर न सोडणारा मी, ते पान न वाचताच सही करून मोकळा झालो. पुढे काही दिवसांनी मुलगी आईला म्हणाली, "आम्ही मुली शाळेत पाणीच पीत नाही. शौचालयाला दार नाही." मी शाळेत जाऊन वही उघडली. 'शौचालय दुरुस्ती पूर्ण' असे लिहिले होते. खाली माझी सही होती.

दोष कोणाला देऊ? पुढच्या बैठकीला आम्ही पाच पालक गेलो, त्यांत तीन माता होत्या. दाराचा विषय आराखड्यात घातला, नगरपरिषदेत अर्ज दिला, पोच घेतली. चार खेपा झाल्या आणि दार बसले.

बंधू-भगिनींनो, कागदावरच्या ठरावाचे मोल आपल्याला इतिहासाने शिकवले आहे. सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा बोले ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात झाला. १९२४ साली महाडच्या लहानशा नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तो दप्तरातच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागे हजारो माणसे तळ्यावर चालत गेली, तेव्हा त्या ठरावात प्राण आला. आणि त्याच नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये तो मागेही घेतला. ठराव झाला म्हणून निर्धास्त राहता येत नाही, तो यातला धडा.

म्हणून पालकांना विनंती, महिन्यातून एक तास शाळेला द्या. अंदाजपत्रक नव्या आर्थिक वर्षाआधी ठरते, तेव्हा आराखडा हिवाळ्यातच पोहोचवा. वाचल्याशिवाय सही करू नका. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही पुढे मोठ्या कॉलेजात जाल, पण ज्या शाळेने पाटी हाती दिली, तिच्या बैठकीला जाण्याची आठवण आपल्या आईवडिलांना करून द्या.