हुन्नर आणि हिशेब
(शाळेच्या विज्ञान मंडळात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. स्मरणिकेच्या वाचकांसाठी थोडा वाढवला आहे.)



शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत सतार आणि गिटार यांचे काय काम, असा प्रश्न शीर्षकाखालचा मजकूर वाचताच आपल्या मनात येईल. मुलांनी अभ्यास सोडून वाजवत बसावे असा माझा आग्रह नाही, हे आधीच सांगून टाकतो. मला बोलायचे आहे ते वाद्य वाजवण्याविषयी नव्हे, तर वाद्य बनवण्याविषयी. कारण हातातले हुन्नर आणि डोक्यातला हिशेब या दोन गोष्टी एकत्र आल्याशिवाय वाद्य तयार होत नाही. आपल्या मुलांच्या बाबतीत या दोन गोष्टींची फारकत होत आहे, आणि ती थांबवता येईल का, हा आजचा खरा विषय आहे.

प्रथम आपल्याच महाराष्ट्रातील उदाहरण घेऊ. मिरज येथील सतार आणि तंबोरे देशभर प्रसिद्ध आहेत. ते बनवणारी घराणी मूळची शिकलगारांची. शिकलगार म्हणजे तलवारी, भाले, कट्यारी यांना धार लावणारा, त्यांना पाणी चढवणारा, शस्त्रांची दुरुस्ती करणारा कारागीर. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांचा अंमल स्थिर झाला, संस्थानांच्या लढाया संपल्या आणि तलवारीला गिऱ्हाईक उरले नाही. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला धंदा डोळ्यांदेखत बसला. अशा वेळी फरीदसाहेब नावाच्या शिकलगाराने वाद्यांच्या दुरुस्तीचे काम हाती घेतले आणि त्यातून १८५० च्या सुमारास स्वतः तंबोरे व सतारी बनवण्यास आरंभ केला. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांच्या पदरी गाणारे-वाजवणारे होते, त्यामुळे कामाला आश्रय मिळाला. पुढे 'सतारमेकर' हे त्या घराण्यांचे आडनावच झाले. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले, १९३७ साली त्यांचे निधन झाल्यावर तेथेच मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरात त्यांचे दफन झाले. दर्ग्याच्या उरुसात गवई आजही हजेरी लावतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

वाचकहो, या हकिगतीतला मर्म नीट पाहा. शिकलगाराने धंदा सोडला, पण हुन्नर सोडले नाही. पोलाद किती ताणले असता तुटते, कानस किती हलक्या हाताने चालवावी, हे त्याला ठाऊक होतेच. तीच कानस तलवारीवरून सतारीच्या घोडीवर आली. वस्तू बदलली, हात तोच राहिला.

तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून येतो. तो चांगला वाळवावा लागतो. कापण्याआधी पाण्यात भिजवून मऊ करतात, मग मापात कापून आकार देतात. त्याला लाकडी गळा आणि दांडी जोडतात, वर तबकडी बसवतात आणि तबकडीवर घोडी येते. या घोडीच्या पाठीला अगदी किंचित उतार असतो. त्या उतारावर तार घासत-घासत कंप पावते, म्हणून स्वर भरीव आणि गुंजत राहणारा निघतो. यालाच जवारी म्हणतात. कागदाच्या जाडीइतका फरक पडला तरी जवारी बंद होते. जवारी काढणारा माणूस मापपट्टी वापरत नाही. त्याचा कान हेच त्याचे माप असते. सतारीचे पडदेही दोऱ्याने बांधलेले असतात, त्यामुळे ते सरकवून स्वर जुळवता येतो. म्हणजे हिशेब येथेही आहे, पण तो लिहिलेला नाही. उस्तादाच्या कानातून तो शागिर्दाच्या कानात जातो.

आता गिटारकडे येऊ. हिचे पडदे धातूचे असून ते गळ्यात कायमचे ठोकलेले असतात. एकदा खाच पाडली की सरकवण्याची सोय नाही. त्यामुळे येथे आधी हिशेब, मग करवत. सप्तकात बारा अर्धस्वर असतात आणि प्रत्येक अर्धस्वराला कंपनसंख्या १.०५९५ पटीने वाढते. बारा वेळा अशी वाढ झाली की ती बरोबर दुप्पट होते. यातून पडद्यांचा नियम निघतो : तारेच्या उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागावे, येईल तितक्या अंतरावर पुढचा पडदा बसवावा. समजा तारेची लांबी ६४८ मिलिमीटर आहे. पहिला पडदा ३६.४ मिलिमीटरवर येईल, त्यापुढचा आणखी ३४.३ मिलिमीटरवर, आणि बारावा बरोबर मध्यावर, म्हणजे ३२४ मिलिमीटरवर. दहावीचा विद्यार्थी अंकगणिती श्रेढी शिकतो. ही भूमिती श्रेढी आहे, एवढाच फरक. आपल्याकडचे मिस्त्री सुताच्या हिशेबाने मोजतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे ३ मिलिमीटर. बाराव्या पडद्याजवळ अर्ध्या सुताची चूक झाली तरी जाणत्या कानाला ती खटकते. म्हणून जाणकार कारागीर एका पडद्यापासून दुसरा मोजत नाही. तो सर्व अंतरे वरच्या टोकापासूनच मोजतो, म्हणजे लहान-लहान चुकांची बेरीज होत नाही.

नववीच्या वर्गात एका मुलाने मला विचारले, "सर, बिनडोक्याची गिटार वाजते कशी?" वर्गात हशा पिकला. पण प्रश्न चांगला होता. या मुलाचे वडील लेथवर काम करतात. त्याने कोठेतरी गळ्याच्या वर काहीच नसलेली गिटार पाहिली होती. तिला आपण बिनमाथ्याची गिटार म्हणू.

नेहमीच्या गिटारला गळ्याच्या वर माथा असतो आणि स्वर मिळवण्याच्या खुंट्या त्या माथ्यात बसवलेल्या असतात. त्यांचे वजन लांब टोकाला पडते. बेस गिटारचा गळा लांब आणि खुंट्या जड, त्यामुळे हात सोडला की गळा खाली झुकतो. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात फर्निचरचे आराखडे करणारे नेड स्टाइनबर्गर यांनी या अडचणीवर विचार केला. त्यांचे वडील जॅक स्टाइनबर्गर पदार्थविज्ञानाचे संशोधक होते. १९८८ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. नेड यांचे शिक्षण मात्र शिल्पकलेचे. १९८० च्या सुमारास त्यांनी बिनमाथ्याची बेस गिटार बाजारात आणली. माथा काढून टाकला, तारा वरच्या टोकाला नुसत्या अडकवल्या आणि स्वर मिळवण्याची सारी यंत्रणा खाली घोडीजवळ आणली.

आपल्या तंबोऱ्यात याचे बीज फार पूर्वीपासून आहे. घोडीच्या खाली तारेत मणी ओवलेले असतात. खुंटी पिळून स्वर जवळपास आणायचा आणि उरलेला बारीक फरक मणी सरकवून काढायचा, ही आपली पद्धत. खाली बसून बारीक स्वर मिळवण्याचे काम मणी करतो. स्टाइनबर्गर यांनी खुंटीचेही सगळे काम खाली आणले, असे म्हणता येईल.

आता ही यंत्रणा करायची कशी? येथे लेथवाल्या बापाच्या मुलाला सगळे समजू लागते. प्रत्येक तारेसाठी पितळेचा एक छोटा ठोकळा असतो आणि तो खाचेत पुढे-मागे सरकतो. तारेचे टोक त्यात अडकवतात. मागून एक स्क्रू येतो, त्याच्या डोक्याला बोटाने फिरवण्याची गोल मूठ असते. मूठ फिरवली की ठोकळा मागे येतो, तार ताणली जाते आणि स्वर चढतो. गिटारची सर्वांत बारीक तार पाव मिलिमीटर जाडीची असते. सुरात असताना तिच्यावर सुमारे ७ किलोचा ताण असतो, आणि एवढ्या ताणाने ती साडेचार मिलिमीटरच्या आसपास लांबते. चार मिलिमीटरच्या नेहमीच्या स्क्रूचे आटे ०.७ मिलिमीटर अंतरावर असतात, म्हणजे एका फेऱ्यात ठोकळा ०.७ मिलिमीटर सरकतो. साडेसहा फेऱ्यांत ढिली तार सुरात येते. सुरात आल्यावर एक अर्धस्वर चढवायला सुमारे पाऊण फेरा पुरतो. स्वर मिळवणे किती नाजूक होणार, हे वाद्य बनवण्याआधीच कागदावर कळले. आटे याहून मोठे घेतले तर बोट जरा हलताच स्वर उडी मारील. फार बारीक घेतले तर फिरवता-फिरवता बोटे दुखतील आणि आटेही लवकर झिजतील.

धातू निवडण्यातही विचार लागतो. स्टेनलेस स्टीलचा स्क्रू स्टेनलेस स्टीलच्याच ठोकळ्यात ताणाखाली फिरवला तर आटे एकमेकांना चावतात आणि स्क्रू जाम होतो. ॲल्युमिनियम हलके, पण त्यातले आटे लवकर जातात. पितळेच्या ठोकळ्यात पोलादी स्क्रू गुळगुळीत फिरतो, आणि पितळ लेथवर कापायलाही सोपे. साऱ्या सहा तारांचा मिळून ताण सुमारे ४५ किलो होतो, म्हणजे जवळजवळ अर्धा क्विंटल. एवढ्या ओढीने लाकडी गळा वाकू नये म्हणून त्याच्या पोटात पोलादी सळई बसवतात आणि ॲलन कीने तिचा ताण कमी-जास्त करतात.

राहिला विजेचा भाग. विजेची पहिली गिटार अमेरिकेत १९३१-३२ साली तयार झाली. तिचे तत्त्व आपण विज्ञानाच्या पुस्तकात शिकवतोच. फॅराडे यांनी १८३१ साली दाखवून दिले की तारेच्या वेटोळ्याजवळचे चुंबकीय क्षेत्र बदलले की वेटोळ्यात वीज निर्माण होते. गिटारच्या तारांखाली चुंबक असतो आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार हलली की क्षेत्र हलते, वेटोळ्यात वीज येते आणि ध्वनिवर्धकातून तिचा आवाज होतो. तार नायलॉनची घातली तर काहीच ऐकू येत नाही.

वाचकहो, आता आपल्या जालन्याकडे पाहा. जुने लोक 'जालना सोने का पालना' म्हणत. आज हा जिल्हा लोखंडी सळयांच्या कारखान्यांसाठी आणि बियाण्यांसाठी ओळखला जातो. येथे लेथ आहेत, वेल्डिंगची दुकाने आहेत, शेतपंपाच्या मोटारी रिवाइंड करणारे कारागीर गावोगाव आहेत. पंपाच्या मोटारीत वेढे मोजणारा माणूस फॅराडेच्याच नियमाने पोट भरतो. फक्त तो नियम त्याला कोणी सांगितलेला नसतो. अशा घरांतली कितीतरी मुले आपल्या वर्गांत बसतात. त्यांच्या बोटांत जे आहे ते मला बी.एड.च्या वर्गात कोणी शिकवले नाही.

आणि हीच मुले आठवीनंतर गळतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. तेथवर मूल शाळेत टिकते. मग घरात बोलणे सुरू होते : "शिकून काय करणार? शेवटी गॅरेजलाच जायचे ना, मग आजच जाऊ दे." बाप वाईट नसतो, घरची ओढाताण खरी असते. पण हिशेब चुकतो. आयटीआयमध्ये फिटर, टर्नर, मशिनिस्ट या विभागांना प्रवेश घ्यायचा तर दहावी उत्तीर्ण असावे लागते. आठवीत शाळा सोडलेला मुलगा कितीही हुशार हाताचा असला तरी वर्षानुवर्षे 'हेल्पर'च राहतो. दुसऱ्याने काढलेल्या चित्रावरून तो पुर्जा कापील. पुर्ज्याचे चित्र त्याला काढता येणार नाही. आणि उद्या त्या पुर्ज्याची गरज संपली, तर नवी वस्तू काढण्याचे बळ त्याच्यापाशी कोठून येणार?

शिकलगारांची गोष्ट मी सांगितली ती एवढ्यासाठीच. तलवार गेली तशी आजची कित्येक कामे उद्या जातील. त्या वेळी तरेल तो नुसते हुन्नर असलेला नव्हे, आणि नुसते पुस्तक पाठ केलेलाही नव्हे. ज्याला आपले हुन्नर एका वस्तूवरून उचलून दुसऱ्या वस्तूवर ठेवता येते, तोच तरेल. फरीदसाहेबांच्या काळी हा हिशेब कानाने होत असे. आता तो मिलिमीटरच्या दहाव्या भागात होतो आणि शाळेत शिकावा लागतो. मानांकनाने मिरजेच्या नावाचे रक्षण होईल. पुढच्या पिढीचे हात मात्र कोणताही दाखला तयार करून देत नाही.

शेवटी एक छोटी सूचना. प्रयोगशाळेत एक लांब फळी घ्यावी, तिच्यावर एक पोलादी तार ताणावी, टोकाला वजने टांगावीत आणि शेजारी मापपट्टी चिकटवावी. खर्च अगदी थोडा येईल. तार अर्धी केली की स्वर दुप्पट होतो, वजन चौपट केले की पुन्हा दुप्पट होतो, हे मुलामुलींनी स्वतःच्या कानाने ऐकावे आणि वहीत मांडावे. एखाद्या विद्यार्थ्याच्या लेथवाल्या किंवा वाइंडिंगवाल्या वडिलांना वर्षातून एकदा वर्गात बोलवावे आणि शिक्षकाने शेजारी उभे राहून त्यांच्या कामातले गणित फळ्यावर लिहावे. बापाचे काम फळ्यावर लिहिले गेलेले ज्या मुलाने पाहिले, तो शाळेला परकी मानणार नाही. आणि ज्या बापाने ते पाहिले, तो मुलाचे नाव आठवीनंतर काढण्यापूर्वी दोनदा विचार करील.

पालक बंधू-भगिनींना माझी एवढीच विनंती आहे : मुलाला सुटीत दुकानावर जरूर न्या, पण दहावीपर्यंत त्याची शाळा सोडवू नका.