शंभर टक्के हरित वीज : आकडा आणि हिशेब

(मंचाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)

कंपन्यांनी अक्षय ऊर्जा कशी वापरावी आणि आपला कार्बन फूटप्रिंट कसा कमी करावा, हा आजचा विषय. इथे बसलेले बरेचजण मोठ्या कंपन्यांत काम करतात. काहीजण तिथे खरेदीचे, इमारतींचे, डेटा सेंटरचे निर्णय घेतात. त्यामुळे 'पृथ्वी वाचवा' असं सांगण्यात तुमचा वेळ घालवत नाही. आकडा दिसला की तो कसा काढला हे विचारायचं, ही संशोधकाची सवय. आज 'आम्ही शंभर टक्के हरित वीज वापरतो' या वाक्यातला आकडा तपासू या.

आधी हिशेबाची पद्धत. कंपन्यांच्या कार्बनचा हिशेब जगभर 'जीएचजी प्रोटोकॉल' नावाच्या नियमावलीनुसार होतो. ती २००१ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात उत्सर्जनाचे तीन भाग केले आहेत. कंपनीचे स्वतःचे बॉयलर, जनरेटर, गाड्या हा पहिला. विकत घेतलेल्या विजेसाठी दुसरीकडे जळलेला कोळसा किंवा गॅस हा दुसरा. कच्चा माल, वाहतूक, नोकरांचा प्रवास, विकलेल्या मालाचा वापर हा तिसरा. बहुतेक कंपन्यांत तिसरा भाग सर्वांत मोठा असतो. जाहिरात मात्र दुसऱ्याची होते, कारण तो कागदावर कमी करणं सोपं आहे.

ते कसं? अमेरिकेत पवनचक्कीनं एक मेगावॅट-तास, म्हणजे हजार युनिट वीज तयार केली की तिच्या नावानं एक प्रमाणपत्र निघतं. वीज ग्रिडमध्ये मिसळते आणि कुणीही वापरतो. प्रमाणपत्र मात्र वेगळं विकता येतं. समजा, ओहायोतल्या एका कारखान्यानं टेक्ससमधल्या जुन्या पवनचक्कीची प्रमाणपत्रं घेतली. कारखान्यात येणारी वीज कालचीच. पवनचक्की कालही फिरत होती, आजही फिरते. पण अहवालात कारखान्याचं विजेचं उत्सर्जन शून्य होतं! उपास शेजाऱ्यानं करायचा आणि पुण्य आपल्या खात्यात जमा, असा हा प्रकार. यात नियमभंग नाही. नियमच तसे आहेत.

याचा परिणाम किती मोठा आहे? २०२२ साली 'नेचर क्लायमेट चेंज'मध्ये कॅनडातल्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठातील संशोधकांचा याविषयीचा अभ्यास आला. त्यांनी ११५ कंपन्यांचे आकडे पाहिले. २०१५ ते २०१९ या काळात या कंपन्यांनी विजेचं उत्सर्जन एकूण सुमारे ३१ टक्के घटल्याचं दाखवलं होतं. प्रमाणपत्रं बाजूला काढल्यावर घट उरली सुमारे १० टक्के. हवेतला कार्बन डायऑक्साइड अहवाल वाचत नाही, त्यामुळे हा फरक महत्त्वाचा.

मग खरोखर करण्यासारखं काय आहे? माझ्या मते तीन गोष्टी, आणि त्या याच क्रमानं.

पहिली, वीज कमी वापरणं. उदाहरण आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचं आहे. इन्फोसिसनं २०११ च्या सुमारास हैदराबादजवळच्या पोचारम कॅम्पसमध्ये एक इमारत बांधली. तिच्या दोन सारख्या भागांपैकी एका भागात नेहमीचा सेंट्रल एसी बसवला, तोही उत्तम प्रतीचा. दुसऱ्या भागात स्लॅबमध्ये नळ्या घालून त्यांतून गार पाणी फिरवलं. हवेपेक्षा पाणी उष्णता फार सहज वाहून नेतं, त्यामुळे पंख्यांची वीज वाचते, आणि पाणी फार थंडही करावं लागत नाही. दोन वर्षांच्या मोजणीत दुसऱ्या भागाला सुमारे एक-तृतीयांश कमी ऊर्जा लागली. बांधणीचा खर्चही जास्त आला नाही. शाळेतल्या प्रयोगासारखी ही तुलना आहे, म्हणून ती मला पटते. २००८ पासून पुढच्या बारा वर्षांत दरडोई विजेचा वापर निम्म्याहून खाली आणल्याचं ही कंपनी सांगते. अशी वाचवलेली वीज कुणाच्या प्रमाणपत्रावर अवलंबून नसते.

दुसरी गोष्ट, आपल्या पैशानं नवी वीज उभी राहणं. छपरावर पॅनेल बसवणं हा सरळ मार्ग, पण छप्पर पुरत नाही. अशा वेळी दीर्घ मुदतीचा करार उपयोगी पडतो. २०१० साली गूगलनं आयोवातल्या ११४ मेगावॅटच्या पवनऊर्जा प्रकल्पाशी वीस वर्षांचा खरेदी करार केला. असा करार हातात असला की प्रकल्पाला बँक कर्ज देते. ग्राहक हमी देतो म्हणून जी पवनचक्की उभी राहते, तिचं श्रेय त्यानं घ्यायला हरकत नाही. भारतात पूर्वी ग्रिडमधून अशी थेट खरेदी करायला साधारणपणे एक मेगावॅटची अट होती. २०२२ च्या नियमांनी हरित विजेसाठी ती १०० किलोवॅटवर आणली, म्हणजे मध्यम कारखान्यालाही ही वाट मोकळी झाली.

तिसरी आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे वेळ. वर्षभरात जितकी वीज वापरली तितकीच हरित वीज घेतली, हा वार्षिक हिशेब. पण ग्रिडचा तोल क्षणोक्षणी सांभाळावा लागतो. कॅलिफोर्नियात दुपारी सौर वीज उतू जाते आणि सूर्य मावळला की गॅसवरची केंद्रं जोरात चालवावी लागतात. सातारच्या पठारावर पावसाळ्यात वारा भरपूर वाहतो, इतर महिन्यांत नाही. जुलैतला वारा फेब्रुवारीतल्या रात्रीचं यंत्र चालवत नाही.

वार्षिक हिशेबात गूगलनं २०१७ साली शंभर टक्के गाठले. पुढे २०२० साली याच कंपनीनं तासातासाचा हिशेब जुळवण्याचं ध्येय जाहीर केलं. त्या मापानं २०२३ चा आकडा होता ६४ टक्के. शिवाय डेटा सेंटर वाढल्यामुळे कंपनीचं एकूण उत्सर्जन २०१९ च्या तुलनेत ४८ टक्क्यांनी वाढलं होतं. हे आकडे कंपनीनं स्वतः छापले, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. २०२५ साली जीएचजी प्रोटोकॉलनंही तासागणिक हिशेबाचा प्रस्ताव चर्चेसाठी मांडला.

लहान उद्योगाला हे कसं झेपणार, असं तुम्ही विचाराल. वेळ साधायला प्रत्येक वेळी बॅटरी लागत नाही. दुपारच्या सौर विजेवर पाणी गार करून टाकीत साठवायचं आणि संध्याकाळच्या एसीला वापरायचं. भट्टी किंवा पंप शक्य तिथे दुपारच्या पाळीत चालवायचे. यासाठी कामाचं वेळापत्रक बदलावं लागतं आणि ते व्यवस्थापकाच्या हातात असतं.

आणि पैशाचं काय? महिंद्र अँड महिंद्रनं २०१६ साली आपल्या अंतर्गत हिशेबात दर टन कार्बनला १० डॉलर किंमत धरायचं ठरवलं. ही रक्कम बाहेर कुणाला द्यायची नसते. पण नवं यंत्र घेताना ती किंमत धरली की जुनं, जास्त वीज खाणारं यंत्र स्वस्त वाटेनासं होतं. कार्बनची किंमत अशी पर्यावरण विभागातून हिशेबनिसाच्या टेबलावर आणणं हे मला कुठल्याही घोषणेपेक्षा मोलाचं वाटतं.

मित्रहो, आपल्या कंपनीचा पुढचा अहवाल हाती येईल तेव्हा चार प्रश्न जरूर विचारा. एकूण वीज कमी झाली की वाढली? आपल्या करारामुळे एखादा नवा प्रकल्प उभा राहिला का? रात्री आठ वाजता आपली वीज कुठून येते? आणि तिसऱ्या भागातलं उत्सर्जन किती? उत्तरं गैरसोयीची असतील. पण इथल्या कित्येकांच्या हाताखालून हे अहवाल जातात. बाहेरच्या माणसाला जे विचारता येत नाही, ते तुम्ही मीटिंगमध्ये बसून विचारू शकता.